पेट्रोल सहा ऐंशी, दत्ता एक सत्तर

माझं आणि दत्ताचं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं, आणि ते झालं एका फ्रीजवरून.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. मी पेणहून स्कूटीवर गडबला मावशीकडे निघाले होते. उन्हाने जीव नकोसा झाला, म्हणून हायवेला काळुरामच्या टपरीवर थांबले आणि थंड सोडा मागितला. बाटली हातात आली ती अंघोळीच्या पाण्याइतकी गरम.

"फ्रीज बंद हाय," काळुराम खाली बघत म्हणाला. "त्यांची गाडी लावलीय ना."

मी वळून पाहिलं. आंब्याच्या सावलीत एक पांढरी कोरी गाडी उभी होती आणि तिच्यातून निघालेली जाड काळी वायर थेट टपरीच्या आत, फ्रीजच्या प्लगमध्ये गेली होती. गाडीचा मालक बाकड्यावर बसून शेंगदाणे खात होता. अगदी निवांत. मला तो निवांतपणाच जास्त झोंबला.

"किती वेळ चालणार हे?" मी विचारलं.

"अजून चाळीस मिन्टं. रोह्याला पोचायपुरतं पाहिजे."

"चाळीस मिनिटांत मी दोनदा पेट्रोल भरून आले असते."

"आन् दोनदा पैसे पन दिले असते," तो म्हणाला, आणि एक शेंगदाणा तोंडात टाकला.

मी गरम सोडा तसाच ठेवून स्कूटीकडे निघाले, तर हा उठला, शेजारच्या रसवंतीत गेला आणि स्टीलच्या ग्लासात बर्फ घेऊन आला. "घ्या," म्हणाला. "गाडीकडून. माझ्याकडून घ्यायला तुम्हांला राग येईल."

मी बर्फ घेतला. हसू आलं ते मात्र दिलं नाही.

मी रोह्यातल्या एका केमिकल कंपनीत गाड्यांच्या विभागात काम करते. पेण-नागोठण्याकडच्या कामगारांना आणणाऱ्या गाड्या किती धावल्या, किती पेट्रोल प्यायल्या, हे पाहायचं माझं काम. सोमवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये तोच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, आणि मला पाहिल्यावर कान लाल.

"हे दत्तात्रेय. वरसेचे," साहेब म्हणाले. "आपल्याच कंपनीत ऑपरेटर होते. शिफ्ट सोडून विजेची गाडी घेतलीय. मैना, दोन महिने ह्यांची गाडी पेणच्या लाइनवर चालवून बघू. मे महिन्यात पहिले पंधरा दिवस वरसेला घरी चार्जिंग, पुढचे पंधरा दिवस गडबच्या नव्या हायवे स्टेशनवर, आणि जूनभर पेणला. तिन्हीकडे किलोमीटरला किती पडतं ते काढ, आणि शेजारी पेट्रोलचा खर्च मांड. एकाही जागी पेट्रोलच्या वर गेलं तर मला ही भानगड नको. आणि गाडीचा स्क्रीन काय दाखवतो ते मला सांगू नका. विजेचं बिल पाहिजे. कागद."

बाहेर आल्यावर दत्ता हळूच म्हणाला, "मॅडम... त्या दिवशी सोड्याचं..."

"त्याचा रिपोर्टशी संबंध नाही," मी म्हणाले. "आकडा येईल तो लिहीन. कमी नाही, जास्त नाही."

"तेवढंच पाहिजे," तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, "नाय आला खाली, तर गुजरातेत दहेजला मावसभाऊ हाय. तिकडं कंपनीत लागंन. गाडी इकून टाकंन."

सहज बोलला तो, पण मला ते गाव एकदम फार लांब वाटलं. सगळी ओळख उणीपुरी अर्ध्या तासाची होती, आणि त्यात पाव तास भांडणाचा.

मे लागल्यापासून मीही पेणहून ह्याच गाडीने कामाला येऊ लागले. पुढच्या सीटवर बसायचे, कारण किलोमीटर लिहून घ्यायचे असायचे. मागे कँटीनच्या ठमाबाई आणि लॅबमधली दोन मुलं. मुलं पेण सुटलं की झोपायची. ठमाबाई कधीच झोपायच्या नाहीत.

विजेच्या गाडीची एक अडचण कुणी सांगत नाही. तिला आवाज नसतो. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या आडोशाने माणूस काहीही बोलू शकतो. इथे मी नुसता श्वास घेतला तरी मागे ऐकू जायचा.

"आज किती युनिट?" मी विचारायची.

"अकरा. रात्री लावली, सकाळी काढली. झोप झाली तिची."

"आणि तुमची?"

हे मी का विचारलं ते मला कळलं नाही. मागून ठमाबाईंचा खाकरल्याचा आवाज आला.

"माझी... होते थोडीफार," तो म्हणाला, आणि उगाच आरसा नीट केला. आरसा आधीच नीट होता.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. कुणाच्या छत्र्याही माळ्यावरून उतरल्या नव्हत्या. एकदा कंपनीच्या गेटपासून गाडीपर्यंत येताना मी नखशिखांत भिजले. काचांवर वाफ धरली. तो एरवी एसी लावायचा नाही, युनिट वाचवायचा. त्या दिवशी मी बसायच्या आधीच लावून ठेवला होता, आणि तोही गरम हवेचा.

"ह्याला युनिट लागतं," मी म्हणाले.

"लागतं. अर्धं गेलं असंल."

"मग ते कुठे लिहू?"

"माझ्या नावावर लिवा," तो समोर बघत म्हणाला. पावसाचे टपोरे थेंब काचेवर आपटत होते, वायपर सावकाश फिरत होता, आणि माझे हात गरम हवेपुढे उबत होते. मी वहीत काहीच लिहिलं नाही. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

"मैने," मागून ठमाबाई म्हणाल्या, "गाडीचा हिसाब चाललाय का दुसरा कसला गो?"

जूनमध्ये गाडी पेणला ठेवायची वेळ आली, तेव्हा जागेचा प्रश्न निघाला. आमचा पेणला घरालाच लागून गणपतींचा कारखाना आहे. माझे बाबा, गुणाजी, तिथे मूर्ती करतात आणि रंगवतात. मी घरी सहज बोलले, तर बाबा म्हणाले, "आपल्या पडवीत लावू दे की. प्लग हाय, मीटर हाय. बिल वाढंल तेवढं कंपनी देईल." मग दत्ता पेणलाच मित्राच्या खोलीवर राहू लागला. संध्याकाळी गाडी पडवीत आणून लावायचा आणि आत डोकावून जायचा. ओल्या मूर्तींच्या रांगांमधून तो इतका अंग चोरून चालायचा की बाबा खूश झाले. "पोरगा हात लावत नाय कशाला," ते आईला म्हणाले. आमच्याकडे ह्याहून मोठी तारीफ नाही.

मी मात्र त्याला चहा द्यायच्या निमित्ताने रोज रंगाच्या डब्या लावत बसू लागले.

"तुम्हांला गणपती रंगवता येतात?" त्याने एकदा विचारलं.

"सोंडेपर्यंत. डोळे फक्त बाबा काढतात."

"मग डोळे कुणाचे बघून काढतात?"

"असं काही नसतं."

"असंल," तो म्हणाला, माझ्याकडे बघत. "इतके चांगले डोळे माणूस मनानं काढू शकत नाय."

मी पिवळ्या डबीचं झाकण निळ्या डबीला लावलं. ते बसेना तेव्हा लक्षात आलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जूनचं बिल आलं. मी ते कारखान्याच्या दारात उभी राहून फोडलं आणि तिथेच पायरीवर बसले.

मे महिन्यापेक्षा साडेबाराशे युनिट जास्त. पंधरा हजार रुपये जास्त.

तोपर्यंतचे आकडे मला पाठ होते. आमच्या लाइनवर पेट्रोलची गाडी किलोमीटरला सहा रुपये ऐंशी पैसे खाते. दत्ताची गाडी वरसेला घरी चार्ज केली तर एक साठ. गडबच्या हायवे स्टेशनवर महाग, तरी तीन पंधराच. पेणला मी एक सत्तर धरून चालले होते, कारण तो रोज सांगायचा ते युनिट मी रोज लिहीत होते. सगळे मिळून महिन्याचे तीनशे होत होते. आणि बिल म्हणत होतं साडेबाराशे. पंधरा हजाराला जूनच्या किलोमीटरनी भागलं तर सात रुपये वीस पैसे. पेट्रोलपेक्षाही वर.

मी तीनदा भागाकार केला. शेवटी मनात तो विचार आलाच, की तो मला रोज खोटं सांगत होता. मला रडूही आलं आणि रागही आला, आणि आधी काय करावं ते कळेना.

रिपोर्ट जाईपर्यंत गाडी चालूच होती. शुक्रवारी संध्याकाळी बाकीचे उतरल्यावर मी गाडीतच थांबले आणि बिल त्याच्यापुढे धरलं. "दत्ता, तुम्ही सांगता ते आणि हे जुळत नाही."

त्याने बिल वाचलं. परत वाचलं. चेहरा उतरला. "हे कसं झालं... मला नाय ठाव."

"तीनशे युनिट सांगितलेत तुम्ही. हे साडेबाराशे आहेत."

"मी सांगितलं ते गाडीनं दाखवलेलं."

"गाडी तुमचीच ना. ती तुमचीच बाजू घेणार."

हे वाक्य महिन्याभरापूर्वी बोलले असते तर तो हसला असता. आता त्याने बिलाची घडी घातली आणि हळूच माझ्या मांडीवर ठेवली.

"मैना," तो म्हणाला. मॅडम नाही, नुसतं मैना, आणि तेही अशा वेळी. "मी तुमच्याशी एक युनिट पन खोटं बोललो नाय. पन कागदावर हाय ते हाय. तेच लिवा. मी उद्यापासून दोन दिस वरसेला भाताच्या लावणीला चाललोय. गाडी घेऊन जातो. सोमवारी काय ते कळवा."

तो गेला. पडवी रिकामी दिसायला लागली, आणि मला ती बघवेना.

शनिवारी सकाळी मी मीटरचं रीडिंग लिहून घेतलं. रिपोर्टला शेवटचं रीडिंग लागतं म्हणून. मग दिवसभर लॅपटॉप उघडून बसले. वरसे, एक साठ. गडब, तीन पंधरा. पेट्रोल, सहा ऐंशी. पेणसमोरचा रकाना तासभर मोकळा होता. सात वीस लिहिलं की सोमवारी गाडी बंद, आणि तो दहेजला. संध्याकाळ व्हायच्या आत मी तिथे एक सत्तर लिहिलं. आजवर मी साहेबांना पाच पैशांचा चुकीचा आकडा दिला नव्हता. लिहिलं आणि झाकण बंद केलं, पण जेवण गेलं नाही.

रविवारी उठले ती अपराधी तोंड घेऊनच. निदान शनिवारचं रीडिंग तरी बरोबर लिहिलंय का, म्हणून पुन्हा मीटरपाशी गेले.

एका दिवसात मीटर बत्तीस युनिट पुढे गेलं होतं.

मी पडवीत पाहिलं. गाडी नव्हती, वायर नव्हती, काही नव्हतं. मग आत पाहिलं. रांगेने मूर्ती बसल्या होत्या, आणि त्यांच्यावर छताला टांगलेले आठ मोठे हॅलोजन ढणाढणा जळत होते. शिवाय दोन उभे पंखे. बाहेर मुसळधार, हवेत ओल, आणि आत रंग सुकवायला केलेलं हे ऊन.

"आई," मी ओरडले, "हे दिवे कधी लावले?"

आई तांदूळ निवडत होती. "आता काय लावले? दरवर्षी लावतो. पाऊस पडला की मूर्ती सुकनार कशा गो?"

"पण यंदा कधी?"

"यंदा पाऊस लवकर आला ना. मग लवकर लावले. मे सरता सरता."

मी जन्मापासून ते दिवे पाहत आले आहे. पाऊस आला की दिवे येणार, हे आमच्या घरात इतकं ठरलेलं की कुणी त्याचा उल्लेखही करत नाही. एरवी आषाढात लागतात, म्हणून मागच्या वर्षीचं जूनचं बिलही मला लहानच दिसलं होतं. मी मूर्ख. पेणची पोर आणि हॅलोजन विसरले.

बत्तीस गुणिले तीस, नऊशे साठ. साडेबाराशेतून गेले, उरले दोनशे नव्वद. दत्ताने सांगितलेले तीनशे. मी परत भागाकार केला. एक रुपया सत्तरला दोन-तीन पैसे कमीच.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या मिनिटाला कळलं. मी पायरीवर बसून रडले आणि आईने घाबरून तांदळाचं ताट बाजूला ठेवलं.

फोन लावला. उचलला नाही. लावणीत कोण फोन घेऊन उतरतो? मी रोह्याची गाडी पकडली, उतरून रिक्षा केली, वरसेला विचारत विचारत शेतावर पोचले. तो गुडघाभर चिखलात वाकलेला होता. पाठीवर प्लास्टिकचा कागद, हातात रोपांची जुडी. शेजारी त्याची आई, बायजाबाई. तिनेच मला आधी पाहिलं.

"दत्ता, कोन आलीय बग. पायात चांगल्या चपला हायत. कंपनीतली असंल."

तो वळला आणि तसाच उभा राहिला. मी बांधावरून एका दमात सगळं सांगितलं. मीटर, हॅलोजन, बत्तीस गुणिले तीस. पाऊस तोंडावर येत होता, मला थांबता येत नव्हतं.

"...तर दोष तुमचा नव्हता. गणपतींचा होता. माझा होता. मी तुम्हांला खोटं म्हटलं. माफ करा मला."

त्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मग चिखल तुडवत बांधापाशी आला. "म्हंजे गाडी राहिली?"

"राहिली. बिल आणि रीडिंग दोन्ही जोडते. साहेब म्हणाले तर पडवीला वेगळं मीटर बसवू."

"बरं झालं," तो म्हणाला. "बरं झालं. दोन रात्री डोळा लागला नाय." आणि मग, "पन ह्यासाठी इतक्या पावसात... उद्या कळवलं असतं तरी चाललं असतं."

"नसतं चाललं." मी खाली बघितलं. "अजून एक आहे. शनिवारी मला हे काही ठाऊक नव्हतं. तरी मी पेणपुढे एक सत्तर लिहिलं होतं."

"का?"

"तुम्ही दहेजला जाऊ नये म्हणून."

"म्हंजे तुमचा माझ्यावर इस्वास होता?"

"नव्हता," मी म्हणाले. "तुम्ही खोटे आहात असंच वाटत होतं. तरी लिहिलं."

त्याने जुडी ह्या हातातून त्या हातात घेतली. हातातल्या रोपांवरून पाणी ठिबकत होतं. "माझ्यावर जीव हाय तुमचा," शेवटी तो म्हणाला, विचारल्यासारखं आणि सांगितल्यासारखंही.

"आहे. फार."

"माझा तर त्या गरम सोड्यापास्नं..." तो हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि डोळ्यांना चिखल लागत होता.

"ए दत्ता," मागून बायजाबाई म्हणाली, "रोपं सुकतील. तिला पन उतरव नायतर तिच्यासंगं वर जा."

तो वर आला. हातपाय धुऊन, सदरा बदलून त्याने गाडी काढली. पेणपर्यंत तो चाळीसच्या पुढे गेला नाही. हळू चालवलं की युनिट कमी लागतं, तो म्हणाला. मी हो म्हणाले. खरं कारण दोघांनाही माहीत होतं.

कारखान्यात बाबा एका मोठ्या मूर्तीपुढे बसले होते, हातात सगळ्यात बारीक ब्रश. दत्ता दारातूनच बोलून गेला, "काका, मला मैनाशी लगीन करायचं हाय. तिची बी हो हाय. तुमची परवानगी मागायला आलोय."

मी कपाळावर हात मारला. बाबा डोळे काढत होते. आमच्याकडे एक डोळा काढला की दुसरा पुरा होईपर्यंत काढणारा बोलत नाही, श्वाससुद्धा बेतानं घेतो. नाहीतर नजर वाकडी येते. त्या वेळी एकच डोळा झाला होता.

दत्ताला मी खुणेनं सांगितलं. तो जागच्या जागी उभा राहिला. आई स्वयंपाकघराच्या दारात, मी खांबापाशी, तो उंबऱ्यात. पावसाचा आवाज आणि पंख्याची घरघर. बाबांचा हात इतका सावकाश फिरत होता की फिरतोय हे कळतही नव्हतं. त्यांनी ऐकलं की नाही, रागावले की काय, काहीच दिसेना. मी दत्ताकडे पाहिलं. तो हलला नव्हता. नाकावरून पाण्याचा थेंब ओघळला तोही त्याने पुसला नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाबांनी बुबुळातला पांढरा ठिपका दिला, ब्रश पाण्यात बुडवला आणि वळले.

"लावणी झाली का तुमची?"

"अर्धी झाली, काका."

"मग ती आधी पुरी कर. आमचा पन हा सीझन हाय, आता बोलायला टाइम नाय." त्यांनी हात फडक्याला पुसले. "गणपती गेले की आयशीला घेऊन ये."

आईने तोंडाला पदर लावला. दत्ता तिथेच उंबऱ्यावर खाली बसला. मी पुढे जाऊन त्याच्या शेजारी बसले, बाबांच्या समोर, आणि मला कसली लाज वाटली नाही.

गणपती जायला अजून पंचावन्न दिवस होते. मी तिथे बसल्या बसल्या मोजले.